शिक्कामोर्तब आणि न्यायमूर्ती हिदायतुल्ला : ‘रबरी शिक्का’ म्हणणाऱ्यांना एक उत्तर

१/ स्पर्धा परीक्षांच्या बहुतेक मार्गदर्शकांत एक प्रश्न ठरलेला असतो : सरन्यायाधीश, उपराष्ट्रपती आणि हंगामी राष्ट्रपती ही तिन्ही पदे भूषविणारी एकमेव व्यक्ती कोण? उत्तर : न्या. मोहम्मद हिदायतुल्ला. आमच्या जवळा बाजारपासून पुण्याच्या पेठांपर्यंत अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलामुलींना हे उत्तर तोंडपाठ आहे. एक गुण मिळतो आणि पान उलटते. #धागा

२/ पाठांतराच्या पुढे कोणी गेलेच, तर त्याची गाठ एका आरोपाशी पडते. तो असा : “एवढा मोठा कायदेपंडित राष्ट्रपती भवनात गेला आणि सरकारने पुढे केलेल्या कागदावर मुकाट सही करून मोकळा झाला. तोच कायदा सहा महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मग विद्वत्तेचा उपयोग काय? शेवटी रबरी शिक्काच!”

३/ या आरोपातील घटना खऱ्या आहेत. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे आणि माझ्या मते घातकही आहे. ती सही हा हिदायतुल्लांच्या विद्वत्तेचा पराभव नव्हता. आपण कोणत्या खुर्चीवर बसलो आहोत, याचे पक्के भान तिच्यात होते. हे विधान पुराव्यानिशी मांडण्यासाठी हा धागा लिहितो आहे.

४/ प्रथम माणूस पाहू. जन्म १७ डिसेंबर १९०५, लखनौ. वडील हाफिज मोहम्मद विलायतुल्ला मध्य प्रांतात सरकारी अधिकारी होते आणि उर्दू कवीही. शाळा रायपूरला, पदवी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून. पुढे केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज आणि लंडनचे लिंकन्स इन. १९३० मध्ये बॅरिस्टर होऊन ते परतले आणि त्यांनी वकिली सुरू केली ती नागपुरात.

५/ त्यानंतरची सव्वीस वर्षे नागपूरचीच. वकिली, विधी महाविद्यालयात अध्यापन, १९४३ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे महाधिवक्ता, १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, १९५४ मध्ये मुख्य न्यायाधीश. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यावरील मुल्लांच्या प्रमाणग्रंथाचे पुढे त्यांनी संपादन केले. ‘कायदेपंडित’ हे विशेषण त्यांना कोणी सौजन्य म्हणून लावलेले नाही.

६/ फाळणीने त्यांचे घरही दुभंगले. भाऊ मोहम्मद इक्रामुल्ला पाकिस्तानचे पहिले परराष्ट्र सचिव झाले. हिदायतुल्ला नागपुरातच राहिले. १९४८ मध्ये त्यांनी पुष्पा शहा यांच्याशी विवाह केला. ज्या काळात माणसाची ओळख त्याच्या धर्मावरून पक्की केली जात होती, त्या काळात त्यांनी घेतलेले हे दोन निर्णय लक्षात ठेवावेत.

७/ आता आपल्याकडे वळू. कारण ‘नामधारी राष्ट्रप्रमुख’ म्हणजे काय, हे मराठवाड्याइतके चांगले फार थोड्या प्रदेशांना कळायला हवे. आमच्या हिंगोलीच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडली की वाशीम, म्हणजे वऱ्हाड. तिकडचे दावे नागपूरच्या उच्च न्यायालयात जात. अलीकडे, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात, निजामाचे राज्य होते. एका नदीच्या दोन काठांवर दोन वेगळ्या राज्यव्यवस्था नांदत होत्या.

८/ निजाम मीर उस्मान अली खान हे नामधारी मुळीच नव्हते. त्यांचे फर्मान हाच कायदा होता. फर्मान काढणाऱ्याच्या मर्जीपुढे दाद मागायला स्वतंत्र जागा नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले. त्यानंतर जे घडले ते आपण मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत क्वचितच ऐकतो.

९/ २६ जानेवारी १९५० रोजी तेच निजाम हैदराबाद राज्याचे ‘राजप्रमुख’ झाले, म्हणजेच राज्याचे घटनात्मक प्रमुख. १९५२ मध्ये बुर्गुल रामकृष्ण राव यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. माणूस तोच राहिला, पण खुर्चीचा अर्थ पार बदलला. कालपर्यंत ज्याचा शब्द कायदा होता, तो आता मंत्रिमंडळाच्या निर्णयावर सही करू लागला.

१०/ तेव्हा त्या सहीला ‘रबरी शिक्का’ म्हणून हिणवावेसे आपल्या आजोबांना वाटले असेल का? मला तसे वाटत नाही. राज्यप्रमुखाचे हात राज्यघटनेने बांधले जाणे, हेच तर त्यांच्या लढ्याचे फळ होते. ज्याला आपण आज दुबळेपणा म्हणतो, त्यालाच आपल्या आधीच्या पिढीने मुक्ती म्हटले होते.

११/ योगायोग पाहा. ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी राजप्रमुखपद संपले. दुसऱ्या दिवशी मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. त्याच राज्यपुनर्रचनेत नागपूरचे उच्च न्यायालय इतिहासजमा झाले. त्याचे शेवटचे मुख्य न्यायाधीश हिदायतुल्ला जबलपूरला मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश म्हणून गेले. डिसेंबर १९५८ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

१२/ आता ‘शिक्का’ या शब्दाकडे येऊ. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राष्ट्रपतिपदाचे स्वरूप स्पष्ट केले होते. राष्ट्रपती राष्ट्राचे प्रतिनिधित्व करील, राज्य मात्र करणार नाही. राष्ट्राचे निर्णय ज्या मुद्रेने जाहीर होतात, त्या मुद्रेवरील मानचिन्हासारखे त्याचे स्थान असेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

१३/ म्हणजे मुद्रेची उपमा घटनेच्या शिल्पकारानेच दिलेली आहे, आणि ती आदराने दिलेली आहे. ‘रबरी’ हे विशेषण आपण मागाहून चिकटवले. शिवकालीन कागद वाचणाऱ्या मंडळींना तर मुद्रेचे मोल सांगण्याची गरजच पडू नये.

१४/ शिवकालीन पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब. मोर्तबावरची अक्षरे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहेत : ‘मर्यादेयं विराजते’. मजकुराची मर्यादा येथे संपली, यापुढे कोणी एक अक्षरही घुसडू नये, असा त्याचा अर्थ. मजकुराचा निर्णय मोर्तब करीत नाही. पण मोर्तबाशिवाय तो मजकूर राज्याचा ठरत नाही. ‘शिक्कामोर्तब होणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो तो यातूनच आलेला.

१५/ कोणी म्हणेल, साताऱ्याच्या छत्रपतींचेही असेच झाले होते. कारभार पुण्याला आणि पेशवाईची वस्त्रे मात्र साताऱ्याहून. पण फरक मोठा आहे. शाहू महाराजांच्या निधनानंतर, म्हणजे १७४९ नंतर, छत्रपतींचे अधिकार गेले ते सत्तेच्या ओढाताणीत. राष्ट्रपतीचे अधिकार मर्यादित झाले ते लेखी संविधानाने, पूर्ण विचारान्ती. पहिला प्रकार अधिकार हिरावण्याचा, दुसरा मर्यादा स्वीकारण्याचा.

१६/ आता १९६९. हिदायतुल्ला फेब्रुवारी १९६८ पासून सरन्यायाधीश होते. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे पदावर असताना निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. पण गिरी निवडणुकीला उभे राहून पद सोडतील तर काय, याचे उत्तर तेव्हा कोणत्याही कायद्यात नव्हते.

१७/ घटनेच्या अनुच्छेद ७० ने अशा आकस्मिक प्रसंगासाठी तरतूद करण्याचा अधिकार संसदेला दिला होता. तो वापरून मे १९६९ मध्येच एक छोटा कायदा झाला : राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती दोन्ही पदे रिकामी असतील, तर राष्ट्रपतीची कार्ये सरन्यायाधीश पार पाडतील. हा कायदा कागदावरच राहता, तर हिदायतुल्ला राष्ट्रपती भवनात कधी गेलेच नसते.

१८/ १९ जुलै १९६९ रोजी गिरींनी चौदा मोठ्या खासगी बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम काढला. २० जुलैला त्यांनी राजीनामा दिला. त्याच दिवशी हिदायतुल्लांनी सूत्रे हाती घेतली. इथे नीट लक्ष द्यावे : राष्ट्रीयीकरणाचा मूळ वटहुकूम त्यांच्या सहीचा नाही. समाजमाध्यमांवरील अनेक मजकुरांत ही सरमिसळ सर्रास दिसते.

१९/ पुढचे पस्तीस दिवस ते त्या पदावर होते. या काळात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत येऊन गेले. १६ ऑगस्टला राष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि आपले रायगडचे सी. डी. देशमुख अशी ती प्रमुख लढत होती. गिरी विजयी झाले. २४ ऑगस्टला हिदायतुल्लांनी पदभार सोपवला आणि ते न्यायालयात परतले.

२०/ वादाची सही या पस्तीस दिवसांतली. वटहुकुमाची जागा घेणारे विधेयक संसदेने मंजूर केले आणि ९ ऑगस्ट १९६९ रोजी त्याला हंगामी राष्ट्रपतींची अनुमती मिळाली. त्या चौदा बँकांत पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. टीकाकार विचारतात : घटनेचा एवढा जाणकार, त्याला त्यातील दोष दिसले नसतील का? मग त्याने सही रोखली का नाही?

२१/ पहिले उत्तर घटनेतच आहे. अनुच्छेद ७४ नुसार राष्ट्रपतीला साहाय्य व सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असते. राष्ट्रपती हा औपचारिक प्रमुख आहे आणि खरी कार्यकारी सत्ता मंत्रिमंडळाकडे आहे, हे १९५५ च्या राम जवाया कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले होते. त्या न्यायालयाच्या प्रमुखाने राष्ट्रपती भवनात जाताच ते विसरावे, अशी अपेक्षा कशी करावी?

२२/ दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. वटहुकुमाला आव्हान देणाऱ्या याचिका तोवर सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या होत्या. अशा वेळी हिदायतुल्लांनी ‘हे घटनाबाह्य आहे’ म्हणून सही रोखली असती, तर काय घडले असते? वकिलांचा युक्तिवाद न ऐकता, खुल्या न्यायालयात न बसता, आपल्याच न्यायालयापुढच्या वादाचा निकाल त्यांनी एकट्याने राष्ट्रपती भवनातून लावून टाकला असता.

२३/ न्यायाधीशाची विद्वत्ता नुसती तिच्या खोलीमुळे मोलाची ठरत नाही. दोन्ही बाजू ऐकून, कारणे लेखी देऊन आणि सहकारी न्यायाधीशांच्या मतभेदाला वाव ठेवून ती वापरली जाते, म्हणून आपण तिच्यापुढे मान तुकवतो. हे तिन्ही बाजूला सारून वापरलेली विद्वत्ता म्हणजे फर्मान. फर्मानाचा अनुभव मराठवाड्याने पुरेसा घेतला आहे.

२४/ तिसरे उत्तर : त्या पस्तीस दिवसांत ते कोणाच्याही मतांनी निवडून आलेले नव्हते. केवळ एक पोकळी भरून काढण्यासाठी कायद्याने त्यांना तेथे बसवले होते. लोकांनी निवडलेल्या संसदेचा निर्णय अशा माणसाने एकट्याने अडवावा, ही मागणी ज्यांना आकर्षक वाटते, त्यांनी आपण लोकशाहीचे चाहते आहोत की पराक्रमी व्यक्तींचे, हे एकदा तपासावे.

२५/ आणि घडले काय? व्यवस्थेने आपले काम केले. आर. सी. कूपर खटल्यात अकरा न्यायाधीशांचे घटनापीठ बसले. हिदायतुल्ला त्यात नव्हते. न्या. जे. सी. शहा यांनी बहुमताचा निकाल दिला. १० फेब्रुवारी १९७० रोजी दहा विरुद्ध एक अशा मताने तो कायदा रद्द झाला. नुकसानभरपाईची तत्त्वे आणि चौदा बँकांशी केलेला भेदभाव ही त्याची मुख्य कारणे. चार दिवसांत सरकारने सुधारित वटहुकूम काढला.

२६/ संसदेने कायदा केला, राष्ट्रपतीने मोर्तब केले, न्यायालयाने तो तपासला, सरकारने दुरुस्त केला. प्रत्येकाने आपापल्या जागी बसून आपापले काम केले. यात ‘रबरी शिक्क्या’ची नामुष्की कोणाला दिसत असेल, तर घटना कशी चालते हे त्याने पुन्हा एकदा वाचावे.

२७/ “मुकाट” या शब्दाचाही हिशेब करू. १९६६ चा मिरजकर खटला पाहा. मुंबई उच्च न्यायालयात ‘ब्लिट्झ’च्या संपादकांवर अब्रुनुकसानीचा दावा चालू होता. एका साक्षीदाराची साक्ष वृत्तपत्रांनी छापू नये, असा तोंडी आदेश न्या. तारकुंडे यांनी दिला. पत्रकार नरेश मिरजकर आणि त्यांचे सहकारी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले.

२८/ नऊ न्यायाधीशांच्या पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश गजेंद्रगडकर होते. आठ जणांनी याचिका फेटाळली. नववे हिदायतुल्ला एकटे उभे राहिले. साक्ष दडपण्याचा असा अधिकार न्यायाधीशाला नाही आणि न्यायालयाचा आदेशही मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येतो, अशी त्यांची भूमिका होती. आपल्याच संस्थेच्या अधिकाराला मर्यादा घालणारे ते भिन्नमत होते. आठांपुढे न झुकणारा माणूस मुकाट कसा?

२९/ १९६७ चा गोलकनाथ खटला : संसदेला मूलभूत हक्क संकुचित करता येतील का, हा प्रश्न. सरन्यायाधीश सुब्बा राव आणि चार सहकारी एका बाजूला, पाच न्यायाधीश दुसऱ्या बाजूला. हिदायतुल्लांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले आणि सहा विरुद्ध पाच असा निर्णय संसदेच्या विरोधात गेला. त्याच निकालपत्रात, मालमत्तेच्या हक्काला मूलभूत हक्कांत स्थान देणे ही चूक होती, असेही त्यांनी नमूद केले. त्यांना धनिकांचे कैवारी ठरवणाऱ्यांनी हे वाक्य शोधून वाचावे.

३०/ त्या निकालानंतर काही आठवड्यांतच सुब्बा राव यांनी सरन्यायाधीशपदाचा राजीनामा दिला आणि ते विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले. झाकिर हुसेन यांनी त्यांचा पराभव केला. दोन वर्षांनी तीच खुर्ची हिदायतुल्लांकडे न मागता चालत आली. ते बसले, नेमून दिलेले काम केले आणि उठले. या दोन प्रसंगांची तुलना वाचकांनी स्वतः करावी.

३१/ शेवटचा पुरावा सर्वांत बोलका आहे. सप्टेंबर १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करणारी घटनादुरुस्ती राज्यसभेत फेटाळली गेली. बाजूने १४९, विरुद्ध ७५. दोन-तृतीयांश बहुमत एका मताच्याही अंशाने हुकले. लगेच सरकारच्या सल्ल्याने राष्ट्रपती गिरींनी एका आदेशाने सर्व संस्थानिकांची मान्यता काढून घेतली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आणि इतर संस्थानिक न्यायालयात गेले.

३२/ या खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाचे अध्यक्ष हिदायतुल्ला होते. १५ डिसेंबर १९७० रोजी नऊ विरुद्ध दोन मतांनी राष्ट्रपतीचा आदेश रद्द झाला. ते बहुमतात होते. दुसऱ्याच दिवशी ते निवृत्त झाले. सोळा महिन्यांपूर्वी ज्याच्या हातात राष्ट्रपतीची लेखणी होती, त्यानेच राष्ट्रपतीचा आदेश खोडून काढला.

३३/ यात विसंगती नाही. राष्ट्रपतीच्या खुर्चीवर असताना त्यांनी न्यायाधीश होण्याचे नाकारले आणि न्यायाधीशाच्या खुर्चीवर असताना राष्ट्रपतीच्या नावाला भ्याले नाहीत. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच : मर्यादेयं विराजते.

३४/ त्यांना देव्हाऱ्यात बसवावे, असे मी म्हणत नाही. १९६४ मध्ये ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा कायम करणारे निकालपत्र त्यांचेच. मिरजकर प्रकरणात अभिव्यक्तीच्या बाजूने एकटा उभा राहणारा न्यायाधीश अश्लीलतेच्या प्रश्नावर सनातनी कसोटीला चिकटून राहिला. हा आक्षेप योग्य आहे आणि तो घेतलाच पाहिजे.

३५/ दुसरा योग्य आक्षेप १९६९ च्या कायद्यावर आहे. सरन्यायाधीशाला राष्ट्रपतीच्या खुर्चीवर बसवले की तेथे केलेल्या सह्यांचे खटले त्याच्याच न्यायालयात येतात. कूपर खटल्यासारख्या महत्त्वाच्या वादात सरन्यायाधीशाविना पीठ बसले, ही त्या तरतुदीची किंमत होती. टीका करायचीच तर या तरतुदीवर करा. तिचे पालन करणाऱ्यावर नको.

३६/ १९७९ मध्ये हिदायतुल्ला उपराष्ट्रपती म्हणून बिनविरोध निवडून आले. ऑक्टोबर १९८२ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग उपचारांसाठी अमेरिकेला गेले, तेव्हा त्यांनी पुन्हा काही दिवस राष्ट्रपतीची कार्ये पार पाडली. १८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. रायपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ज्या नागपुरात ते घडले, तेथील किती विद्यार्थ्यांना ते आपले वाटतात?

३७/ हा सगळा खटाटोप आज कशासाठी? कारण आपली सवय वाईट आहे. आपल्या नावडत्या सरकारची फाईल राज्यपालांनी किंवा राष्ट्रपतींनी अडवली की ते ‘बाणेदार’. आवडत्या सरकारची अडवली की ‘घटनाद्रोही’. सही केली की ‘रबरी शिक्का’. म्हणजे आपल्याजवळ कसोटी नाहीच, आहे तो पक्ष. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे शोभत नाही.

३८/ कसोटी एकच असावी : ती व्यक्ती कोणत्या खुर्चीवर होती, त्या खुर्चीला कायद्याने किती अधिकार दिला होता, आणि तिने तो पूर्ण वापरला का व ओलांडला का. या तीन प्रश्नांवर हिदायतुल्ला उत्तीर्ण होतात. बाकीची नावे तुम्ही स्वतः तपासा. छत्रपतींच्या काळापासून आजपर्यंत कोणतेही घ्या.

३९/ मतभेद असतील तर जरूर मांडा. मात्र तारीख, अनुच्छेद किंवा खटल्याचे नाव घेऊन मांडा. आणि पुढच्या वेळी परीक्षेत तो एका गुणाचा प्रश्न आला, तर उत्तर लिहिताना एवढे आठवा : तीन पदे मिळणे हा योगायोग असू शकतो, तिन्ही पदांच्या सीमा ओळखून वागणे हा योगायोग नसतो. धागा समाप्त.